उतारावरचं स्टूल

रिमवीदासच्या गॅरेजची फरशी
मधल्या जाळीकडे किंचित उतरती आहे.
पाणी निघून जावं म्हणून कौनासच्या कुणा गवंड्याने
चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलेली सोय.
त्यामुळे चाकांचं बुटकं स्टूल,
तो उठला रे उठला की आपलं आपण निघतं
आणि जाळीपाशी जाऊन थांबतं,
रुसलेल्या कुत्र्यासारखं, पाठ करून.

स्टूल आणलं दांगुओलेने,
त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं त्या हिवाळ्यात.
महिनाभर त्याने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
बसून गाडी पुसायची म्हणजे
आडवं होऊन जेवायचं, असं त्याचं मत.
त्याच्या बापाने झिगुली धुतली ती
नेमुनासच्या काठी, गुडघे टेकून,
बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरलेली असताना.
गाडीला कळतं, बाप म्हणायचा, कोण वाकलंय ते.
गाडी चमकायची.
गुडघे गेले.

मग एका शनिवारी
दारांच्या खालच्या कडा राहिल्या होत्या
आणि आसपास कुणी नव्हतं.
तो बसला.

एकदा बसलेल्या माणसाचं काय सांगावं!
तंबूतल्या गादीचा तुकडा कापून गुडघ्यांखाली आला.
बोटं उघडी ठेवणारे लोकरी हातमोजे आले.
कपाळावर बांधायचा दिवा आला;
त्याच्या उजेडात निळ्या ऑडीवरचे ओरखडे
गोल गोल जाळं होऊन उमटायचे,
आणि मऊ फडकं त्याच वाटेने गोल फिरत
एकेक धागा उसवत जायचं.
थर्मासमध्ये लिंडनच्या फुलांचा चहा,
शेजारी काळ्या पावाची जाड फोड,
मेणाच्या डबीपासून हातभर लांब
(हा हातभर नियम एका चुकीच्या घासानंतरचा).

रेडिओही आला. बास्केटबॉलचं समालोचन.
संघ जिंकत असला की हात हलका,
हरत असला की कोपरापासून जोर.
मागचा उजवा दरवाजा
बाकी गाडीपेक्षा आजही जास्त लखलखतो.
त्या मोसमात सगळं हरलो,
तो सांगतो, आणि दरवाजावरून हात फिरवतो.

नावात दास असला तरी
रिमवीदास कुणाचं ऐकत नाही.
फक्त एगिदियुसचं.
एगिदियुसच्या गॅरेजात गाडी नाही, बटाटे आहेत.
तो दुपारी येतो, खोक्यावर टेकतो,
त्याच्यासाठी दांगुओलेने जुन्या कोटाची उशी शिवली आहे.
फडक्याला हात लावत नाही.
चहा पितो आणि बोट दाखवतो:
"तिथे राहिलंय."
चार वर्षांत त्याचं एकही बोट वाया गेलेलं नाही.

मार्चमध्ये ऑडी विकली.
डॉक्टरांनी डोळ्यांबद्दल काही सांगितलं होतं,
मुलीने फोनवर बरंच काही सांगितलं होतं.
क्लायपेदाचा एक पोरगा आला,
बॉनेटवर बोट ओढून बघितलं, नोटा मोजल्या,
मागच्या उजव्या दरवाजाकडे मात्र पाहिलं नाही.
गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत
दोघे उभे होते.
मग दोघांनाही एकदम आठवलं
की बसायची सोय आत आहे.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी
दांगुओलेने न विचारता थर्मास भरला.
त्यानेही न बोलता उचलला.
गॅरेज आता केवढं तरी मोठं वाटतं,
रेडिओचा आवाज भिंतीवरून परत येतो.
मधोमध जाळीपाशी स्टूल.

रिमवीदासने कपाळावर दिवा बांधला,
गादीचा तुकडा टाकला,
त्यावर गुडघे टेकले, बापासारखे,
आणि स्टूल उलटं करून
त्याची चाकं पुसायला घेतली.
धुरीत अडकलेले केस, मेणाचे वाळके कण,
कुठून तरी आलेला काळ्या पावाचा चुरा.
ब्रशने, मग फडक्याने, मग नुसत्या अंगठ्याने.

एगिदियुसने चहाचा घोट घेतला.
बराच वेळ बघत राहिला.

"तिसऱ्या चाकाच्या आत," तो म्हणाला,
"तिथे राहिलंय."